उद्योग प्रश्नोत्तरे : देशी वाट्याचा हिशेब

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचा पाण्याच्या व्हॉल्व्हचा कारखाना आहे. बॉडी, बॉनेट, गेट सगळं इथल्याच फाउंड्रीतलं. फक्त इलेक्ट्रिक अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघडबंद करणारं मोटारीचं यंत्र) परदेशी, तोही पुण्याच्या डीलरकडून घेतो. जलजीवन मिशनच्या निविदेत आम्ही स्वतःला ‘क्लास-1 स्थानिक पुरवठादार’ म्हणवू शकतो का?

उत्तर : हिशेब मांडल्याशिवाय तसं लिहून देऊ नका. सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या केंद्राच्या 2017 च्या ‘मेक इन इंडिया’ आदेशात सप्टेंबर 2020 मध्ये सुधारणा झाली. त्यानुसार देशी वाटा 50 टक्के किंवा जास्त असला तर क्लास-1. 20 किंवा जास्त पण 50 च्या आत असला तर क्लास-2. जलजीवनमध्ये केंद्राचा पैसा आहे, त्यामुळे खरेदी राज्यात होत असली तरी हा आदेश लागतो.

देशी वाटा काढायला जीएसटी सोडून विक्रीची किंमत घ्या आणि त्यातून आयात मालाची किंमत कस्टम ड्युटीसकट वजा करा. समजा व्हॉल्व्ह 1,00,000 रुपयांचा आहे. अ‍ॅक्च्युएटर 34,000, आयात सील 4,000. उरले 62,000. बहुतेकजण इथंच थांबतात आणि फसतात. याच किमतीत वाहतूक, विमा, बसवणी आणि व्हॉल्व्ह चालू करून देणं यांचे 15,000 धरले असतील, तर ते देशी मूल्यवर्धन म्हणून दाखवता येत नाहीत. हाती राहतात 47,000, म्हणजे 47 टक्के; तुम्ही क्लास-2. डीलरचं बिल रुपयांत असलं तरी परदेशी माल आयातच धरतात.

यावर खरा उपाय अ‍ॅक्च्युएटरमध्येच आहे. भारतात बनणारे अ‍ॅक्च्युएटर मिळतात. उत्पादकाकडून देशी वाट्याचं लेखी पत्र घ्या. 34,000 च्या अ‍ॅक्च्युएटरमधला निम्मा भाग देशी निघाला तरी 17,000 वाढून तुमचा आकडा 64 टक्क्यांवर जातो. धोरणाचा हेतूही हाच आहे : ओतकाम आपल्याकडे पक्कं आहे, आता गिअर आणि मोटारही इथंच व्हावी.

क्लास-1 ला फायदा असा : सर्वांत कमी दर क्लास-1 नसलेल्याचा असेल आणि तुमचा दर त्याच्या 20 टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच्या दराला यायची संधी मिळते. माल विभागता येत असेल तर निम्मी ऑर्डर त्याला, उरलेल्या निम्म्यासाठी तुम्हाला विचारणा. क्लास-2 ला निविदा भरता येते, पण ही सवलत नाही.

देशी वाट्याच्या प्रमाणपत्रात टक्केवारीबरोबर मूल्यवर्धन कुठं होतं तो पत्ता लिहावाच लागतो. खरेदी 10 कोटींच्या वर असेल तर लेखापरीक्षकाचं प्रमाणपत्र हवं. त्याखाली स्वतःचं चालतं. मात्र खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत निविदाबंदी होऊ शकते, म्हणून प्रत्येक सुट्या भागाचं बिल फाईलला लावून ठेवा.

प्रश्न : आमची उद्यम नोंदणी (केंद्राकडची सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची नोंदणी) आहे. निविदेसोबतची अनामत रक्कम माफ होते का? – सातारा

उत्तर : केंद्रीय खाती आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या निविदांत सूक्ष्म व लघु उत्पादकांना माफ आहे. निव्वळ ट्रेडिंग करत असाल तर ती सवलत धरू नका. मध्यम उद्योगालाही ती नाही, तेव्हा उद्यम प्रमाणपत्रावरचा वर्ग आधी पाहा.