वाचकांचे प्रश्न : उरुग्वेचा फुटबॉलपटू दिएगो फोर्लान

प्रश्न : मँचेस्टर युनायटेडमध्ये फसलेल्या फोर्लानला स्पेनमध्ये दोनदा युरोपातल्या सर्वोत्तम गोलकर्त्याचा सुवर्णबूट कसा मिळाला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ‘फसलेला’ हा शब्द अन्यायाचा आहे. अर्जेंटिनाच्या इंडिपेंदिएन्ते क्लबकडून तो जानेवारी २००२ मध्ये मँचेस्टरला आला, तेव्हा आघाडीची जागा रूड व्हॅन निस्टेलरॉयकडे होती. फोर्लान बरेचदा बदली म्हणून उतरायचा. पहिला गोल व्हायला २७ सामने लागले आणि तोही पेनल्टीवर झाला. एकूण ९८ सामन्यांत १७ गोल. पण त्यातले कित्येक सामने त्याच्या वाट्याला अर्धेमुर्धेच आले होते, हे विसरू नये. २००४ मध्ये स्पेनच्या विलारेआल क्लबला गेल्यावर मात्र तो पहिल्या अकरात पक्का झाला, मागून पास द्यायला अर्जेंटिनाचा मध्यरक्षक रिकेल्मे होता, आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल झाले.

सुवर्णबुटाचा हिशेब नुसत्या गोलांवर होत नाही. युरोपातल्या पहिल्या पाच लीगमधल्या प्रत्येक गोलाला २ गुण मिळतात, दुबळ्या लीगमध्ये त्याहून कमी. फोर्लानचे २५ × २ = ५० गुण झाले, थिएरी हेन्रीचेही तेवढेच, म्हणून २००५ चा मान दोघांत विभागला गेला. २००८-०९ मध्ये अॅटलेटिको माद्रिदकडून ३२ गोल, म्हणजे ६४ गुण. तेव्हा वाटेकरी नव्हता.

प्रश्न : २०१० च्या विश्वचषकात तो गोलापासून इतका लांब का खेळत होता? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फ्रान्सविरुद्धचा पहिला सामना ०-० सुटला. पुढच्या सामन्यात प्रशिक्षक तबारेझ यांनी सुआरेझ आणि कवानी यांना पुढे ठेवून फोर्लानला त्यांच्या मागे आणलं. त्याच्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा बदल. पुढचे दोघे बचावपटूंना मागे रेटत नेतात, त्यामुळे पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर वीस-पंचवीस मीटरवर मोकळी जागा पडते. तिथे चेंडू मिळाला की समोरचा बचावपटू फटका अडवायला पुढे यायचा, पण कोणत्या बाजूने अडवायचं हेच त्याला ठरवता येत नसे, कारण फोर्लानचे दोन्ही पाय सारखेच चालत. नेदरलँड्सविरुद्धचा लांबून मारलेला गोल डाव्या पायाचा, तर घानाविरुद्धची फ्री किक आणि जर्मनीविरुद्धची व्हॉली (हवेतल्या चेंडूवर थेट मारलेला फटका) उजव्या पायाची.

व्हॉलीचा सराव करणाऱ्या मुलांनी जर्मनीविरुद्धचा तो गोल जरूर पाहावा. उजवीकडून आलेला चेंडू त्याने जमिनीकडे दाबून मारला. अशा वेळी शरीर मागे झुकलं की चेंडू आडव्या दांड्यावरून जातो. बहुतेकांची चूक इथेच होते. त्याच सामन्याच्या शेवटच्या क्षणी त्याची फ्री किक आडव्या दांड्याला लागली आणि तिसऱ्या क्रमांकासाठीची ती लढत उरुग्वे २-३ ने हरला, चौथा आला. पाच गोल करणाऱ्या फोर्लानला मात्र स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सुवर्णचेंडू मिळाला.

प्रश्न : मुंबईत तो नावापुरताच आला होता का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अजिबात नाही. २०१६ च्या इंडियन सुपर लीगमध्ये ३७ व्या वर्षी त्याने मुंबई सिटीसाठी पाच गोल केले. त्यातले तीन अंधेरीत केरळ ब्लास्टर्सविरुद्ध, तो सामना मुंबईने ५-० जिंकला. साखळीत मुंबई अव्वल ठरली. पण कोलकात्याविरुद्ध उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत त्याला लाल कार्ड दाखवलं गेलं. लाल कार्डानंतर पुढचा सामना खेळता येत नाही, म्हणून अंधेरीतली परतीची लढत त्याच्याविना झाली आणि ०-० सुटली. पहिली लढत मुंबई २-३ ने हरली होती, त्यामुळे अंतिम फेरी हुकली.