डेंग्यू दुसऱ्यांदा झाला की जास्त का भोवतो?

भाच्याला तीन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेलाय, आता परत एनएस-वन (डेंग्यूची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टर म्हणतात या खेपेला जास्त जपा. 'एकदा होऊन गेल्यावर प्रतिकारशक्ती वाढायला नको का?' असं तुम्ही विचारलंय.

वाढतेच, आणि घोळ तिथेच होतो. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. पहिल्यांदा ज्याने गाठलं त्याच्याविरुद्धचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं, बाकी तिघांविरुद्धचं मात्र काही महिन्यांतच विरतं. मग दुसरा प्रकार अंगात आला की जुन्या अँटीबॉडी (पहिल्या खेपेला शरीराने बनवलेली संरक्षक प्रथिनं) त्याला चिकटतात खऱ्या, पण निकामी करू शकत नाहीत. अँटीबॉडी चिकटलेलं काहीही गिळून टाकायचं, हे आपल्या भक्षक पेशींचं काम. त्या इमानेइतबारे गिळतात. आणि हा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींमध्ये! आत शिरायचे त्याचे कष्टही वाचतात.

क्युबात हे फार स्पष्ट दिसलं. १९७७ मध्ये तिथे एक नंबरच्या प्रकाराची साथ आली, बहुतेकांना सौम्य गेली. १९८१ मध्ये दोन नंबरचा आला. तीन लाखांहून जास्त रुग्ण, १५८ मृत्यू. गंभीर झालेल्यांत आधी एक नंबर होऊन गेलेलेच जास्त होते. तान्ह्या बाळांचंही तसंच. आईकडून आलेल्या अँटीबॉडी विरळ होऊ लागतात त्या वयात बाळाचा पहिलाच डेंग्यू जड जाऊ शकतो.

आता डेंग्यूत ताप उतरतानाच जास्त काळजी घ्यायला का सांगतात, ते सांगतो. मी बरीच वर्षं लॅबमध्ये काढली, म्हणून नळीवरूनच सांगतो. रक्ताची बारीक नळी मशीनमध्ये गरगर फिरवली की तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तांबडा भाग शेकडा किती, तो पीसीव्ही. काल ४० असलेला आज ४८ दिसला, तर रक्त वाढलेलं नसतं, पाणी गेलेलं असतं. विषाणूशी लढताना पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी रक्तवाहिन्यांचं अस्तर सैल पडतं आणि प्लाझ्मा पोटात, छातीत झिरपतो. हे साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरता होतं आणि एक-दोन दिवस चालतं. तोवर रक्तातला विषाणू बहुधा ओसरू लागलेला असतो.

लॅबच्या खिडकीवर नातेवाईक मात्र एकच विचारायचे, 'प्लेटलेट किती?' पीसीव्ही विचारणारा क्वचितच भेटला. प्लेटलेट वाढवायला पपईच्या पानांचा रस नि किवी द्यावेत का, यावर पुष्कळ वाद आहेत, मी त्यात पडत नाही. रक्तस्राव होत नसेल तर नुसता आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते, हे मात्र घरच्यांना सांगा.

तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, पोरगं एकदम मलूल किंवा चिडचिडं होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि भाच्याने शेवटची लघवी कधी केली, ते वेळेसकट लिहून ठेवा. डॉक्टर तेच आधी विचारतील.