सिस्टर घरी येतात तेव्हा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मनाच्या आजाराचे पेशंट घरी जाऊन बघणाऱ्या सिस्टर लोकांबद्दल लिहिलं होतं, त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली. मी स्वतः हेच काम बरीच वर्षं केलंय, आधी सिव्हिलच्या वॉर्डात आणि मग गावोगाव, त्यामुळे पत्रं वाचताना कितीतरी घरं डोळ्यासमोर आली. सगळ्यांना उत्तर देणं या पानात बसत नाही, पाच पत्रं घेतलीत.

माझा मोठा मुलगा २६ वर्षांचा आहे, त्याला स्किझोफ्रेनिया (भास होणं, संशय येणं असा मनाचा आजार) आहे. सिस्टर महिन्यातून एकदा घरी येतात. त्यांची गाडी दारात लागली की गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसतात. धाकट्या मुलीचं जमवायचं चाललंय. सिस्टरांना येऊ नका म्हटलं तर चालेल का? (एक आई, यावल तालुका)

ताई, तुमची काळजी खोटी नाही, सोयरिकीत अशी गोष्ट कुठून कुठपर्यंत पोचते ते मला माहितीये, मी इथलीच आहे. पण येऊ नका म्हणायच्या आधी हीच अडचण सिस्टरांना जशीच्या तशी सांगून बघा, कारण त्यावर मार्ग असतात. ॲप्रन न घालता साध्या कपड्यात येता येतं, गाडी पाराजवळ लावून चालत येता येतं, नाहीतर तुम्ही उपकेंद्रात बीपी तपासायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या, तो केळीच्या बागेत कामाला जात असेल तर बांधावर बसून पण बोलणं होतं, मी कितीदा केलंय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, म्हणजे शेजारीण कितीही विचारू दे, सिस्टर तिला काही सांगू शकत नाही. आणि मुख्य म्हणजे मुलाला विचारा हो. सिस्टर त्याच्यासाठी येतात, त्याला त्यांचं येणं हवंय का नको हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

आता मी भेट बंद करू नका का म्हणते ते सांगते. ओपीडीत गर्दी असते, पोरगा डॉक्टरांसमोर बसतो, "बरंय" म्हणतो आणि उठतो. घरात आल्यावर वेगळंच दिसतं. चहाचा कप धरताना हात थरथरतो का, जेवायला सगळ्यांबरोबर बसतो का त्याचं ताट आत सरकवून देतात, रात्री जागा असतो म्हणून दुपारी झोपतो का, अंघोळ कधी केली, गोळ्यांचं पाकीट फडताळात आहे तसंच पडलंय का, आणि त्याच्या आईचे डोळे किती खोल गेलेत. हे शेवटचं पण सिस्टर बघतेच, बोलत नसली तरी. आजार परत डोकं वर काढतो तेव्हा त्याची खूण आधी घरात दिसते, झोप कमी होते, बोलणं तुटतं, संशय वाढतो, आणि त्या वेळेला सापडलं तर बऱ्याचदा गोळ्यांवर निभावतं, ॲडमिट करायची वेळ येत नाही.

ही काही नवी टूम नाहीये. इंग्लंडमध्ये १९५४ पासून हॉस्पिटलच्या नर्सेस घरी सोडलेल्या पेशंटकडे जायला लागल्या, आणि आपल्या देशात बंगळुरूला १९८० च्या सुमारास स्किझोफ्रेनियाचे काही पेशंट ॲडमिट केले आणि काहींना घरीच ठेवून नर्सच्या भेटींवर सांभाळलं, तर घरी राहिलेल्यांची तब्येत जास्त सुधारली आणि घरच्यांवरचा भार पण कमी झाला. आपल्याकडे तर याची गरज जास्तच, राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला, खानदेशात त्यातलं एकही नाही.

वडील गोळ्या घेत नाहीत, म्हणतात मला काही झालेलं नाही. सहा महिन्यांपासून आम्ही गोळी कुटून भाजीत टाकतोय. फरक आहे. सिस्टरांना हे सांगितलेलं नाही. चुकतंय का? (एक मुलगा, पारोळा)

दादा, सांगितलं नाही हे आधी दुरुस्त करा, याच आठवड्यात. तुमच्यावर कोणी ओरडणार नाही, दहा घरांत गेलं तर एखाद्या घरात हे चाललेलं असतंच आणि ते वैतागून चाललेलं असतं, हौसेनं नाही. पण धोका समजून घ्या. वडिलांचा आजार संशयाचा असेल तर त्यात बऱ्याचदा संशय हाच असतो की माझ्या जेवणात काहीतरी कालवतात. आता ज्या दिवशी त्यांना वाटीच्या तळाशी पांढरी पूड दिसेल त्या दिवशी त्यांचा संशय खरा ठरेल, आणि तो खरा ठरवणारी त्यांची स्वतःची पोरं असतील. मग ते गोळ्याही घेणार नाहीत आणि घरचं जेवण पण घेणार नाहीत. शिवाय अर्धी भाजी उरली तर अर्धा डोस उरला, ती चुकून नातवाच्या ताटात गेली तर काय, काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात.

गोळी एकदम बंद करू नका, लपवणं बंद करायचंय आणि ते डॉक्टर-सिस्टरांशी बोलून. सिस्टर वडिलांना शांतपणे विचारतील की गोळीनं त्रास काय होतो. आम्ही विचारतो तेव्हा काय काय निघतं ते तुम्हाला पटणार नाही, अंग ताठ होतं, तोंडातून लाळ येते, पाय एका जागी ठरत नाहीत, वजन वाढलं, आणि पुरुष माणूस घरात कुणाला सांगू शकत नाही असा त्रास पण असतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर डोस कमी करून किंवा औषध बदलून इलाज होतो. रोजच्या गोळीचाच कंटाळा असेल तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं असतात, वडिलांना मान्य असेल तर डॉक्टर लिहून देतात आणि सिस्टर देतात. "मला काही झालेलं नाही" म्हणणारा माणूस पण "रात्री झोप लागत नाही ना, त्यासाठी घ्या" म्हटलं की ऐकतो बरेचदा. आणि ते खोटं पण नसतं, झोप खरंच गेलेली असते.

मिसेसला बायपोलर (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा आजार) आहे, त्यासाठी लिथियमची गोळी चालू आहे. मे महिन्यात तिचे हात जास्त थरथरतात. उन्हानं होतं का? (भुसावळ)

हो, होऊ शकतं, आणि भुसावळच्या उन्हात हे हलक्यात घेऊ नका. घामातून पाणी आणि मीठ गेलं की किडनी लिथियम बाहेर टाकायच्या ऐवजी धरून ठेवते, मग डोस तोच असूनही रक्तातलं प्रमाण चढतं. बारीक थरथर बऱ्याच जणांना असतेच. पण थरथर मोठी झाली, चालताना तोल जायला लागला, जीभ जड झाली, उलट्या जुलाब सुरू झाले, माणूस गुंगीत गेल्यासारखं वाटलं तर पुढची गोळी द्यायची नाही आणि तडक दवाखाना गाठायचा, संध्याकाळपर्यंत वाट बघायची नाही.

बाकी रोजचं म्हणजे पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहायचं, जेवणातलं मीठ कुणी सांगितलं म्हणून एकदम तोडायचं नाही, डोकं दुखलं अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घ्यायचं नाही, त्यानं पण लिथियम चढतं, पॅरासिटामॉल चालतं. आखाजीला माहेरी जातील तर गोळ्या मोजून बरोबर द्या आणि तिकडच्या एखाद्या माणसाला तरी हे सगळं सांगून ठेवा. लिथियमची रक्ततपासणी रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी करायची असते, सकाळची गोळी खाऊन गेलात तर आकडा चुकीचा येतो. उन्हाळा लागायच्या आधी एकदा करून घ्या, किडनी थायरॉइड पण बघून घ्या.

मी धडगाव तालुक्यात नर्स आहे, वय २४. मानसिक आजाराच्या फॉलोअपची यादी माझ्याकडे दिलीये. निम्मे लोक गुजरातला ऊसतोडीला गेलेले, उरलेले आधी भगताकडे जातात. मला इथली पावरी बोली नीट येत नाही. गेल्या महिन्यात एका घरात एक मुलगी खांबाला बांधलेली बघितली आणि मी काही न बोलता परत आले. तेव्हापासून झोप नाही. मॅडम, मी काय करायला पाहिजे होतं?

पोरी, मी पण अशीच एकदा परत आले होते, पाय दाराशीच थिजले होते. त्यामुळे तुझं पत्र वाचून तुझ्यावर राग आला नाही, जवळ असतीस तर आधी चहा पाजला असता.

आता परत जा. गावातल्या आशाताईला घेऊन जा, आणि निघायच्या आधी मेडिकल ऑफिसरांच्या कानावर घाल, हे एकटीनं धरून ठेवायचं काम नाही. घरात गेल्यावर पहिलं वाक्य कायद्याचं नको. मुलीजवळ बस, तिच्याशी बोल, पाणी दे, पायाला दोर काचून जखम झालीये का बघ, ताप आहे का, फिट येतात का, इतक्यात बाळंतपण झालंय का, कारण ताप किंवा ओल्या बाळंतिणीचं डोकं फिरणं असेल तर ती इमर्जन्सी आहे, थांबायचंच नाही. मग आईला विचार, कधीपासून बांधता आणि सोडलं की काय होतं. ते लोक दुष्ट म्हणून बांधत नाहीत बहुतेक वेळा, सगळे मजुरीला जातात, पोरगी एकदा दरीकडे पळालेली असते आणि मागे बघायला कुणी नसतं. वर सांगितलेला २०१७ चा कायदा साखळी दोराला साफ मनाई करतो आणि ते त्यांना सांगायचंच, पण सोबत हे पण सांगायचं की सिव्हिलला न्यायची गाडी आपण बघू, तिथे मी फोन करते, पहिले आठ दिवस तिच्याजवळ कोण बसेल ते ठरवू. सगळं करूनही घरचे ऐकतच नाहीत, तिचे हाल चालूच आहेत असं दिसलं तर पोलीस ठाण्यात कळवायची तरतूद त्याच कायद्यात आहे, ते मेडिकल ऑफिसरांच्या बरोबरीनं कर.

भगताशी भांडू नको. "बाहेरचं आहे" म्हणणाऱ्या घरात जाऊन "असं काही नसतं" म्हटलं की दार बंद होतं आणि पुढच्या वेळी पेशंट शेतात लपवतात. त्यांनी काय सांगितलं ते ऐकून घे, उतारा झाला, कोंबडं झालं, ठीक आहे, आता झोपेसाठी जेवणासाठी ही गोळी पण चालू ठेवू म्हण. मार, चटके, उपाशी ठेवणं यावर मात्र तडजोड नाही, तिथे आवाज चढला तरी चालेल. काही भगत स्वतः पेशंट पाठवायला लागतात, कुणीतरी मान देऊन त्यांच्याशी बोललेलं असतं म्हणून.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी दिवाळीच्या आधीच भेट लाव, डॉक्टरांना विचारून दोन महिन्यांच्या गोळ्या मिळतात का बघ, औषधाचं नाव आणि डोस मोठ्या अक्षरात लिहून प्लास्टिकच्या पिशवीत दे म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल, आणि घरात ज्याचा फोन लागतो तो नंबर घे. होळीला डोंगरातली माणसं परत येतात, त्या आठवड्यात रजा टाकू नको.

भाषेचं म्हणशील तर दहा वाक्यं पुरतात सुरुवातीला. मी सपाटीवर अहिराणीत "तुले झोप लागस का, जेवन जास का" एवढ्यावर सुरुवात केली होती, तू आशाताईकडून पावरीत तेवढंच शिक. त्यात एक वाक्य मरणाचं पण शिकून घे, "जीव द्यावा असं मनात येतं का." हे विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बरीच माणसं रडून मोकळी होतात. हो म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, मेडिकल ऑफिसरांना तिथूनच फोन लावायचा, आणि फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते बघून त्याच दिवशी घरातून हलवायचं. आपल्याकडे ते खाटेखाली ठेवलेलं असतं गं, कपाशी असो नसो.

आणि तुझी झोप. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तू पेशंटला देतेस ना, तो नर्सला पण चालतो, रात्री अपरात्री लाव. यादी मोठी आहे म्हणून एका दिवसात वीस घरं करू नको, चार कर पण बसून कर, आणि किती झाली नाहीत ते पण रिपोर्टमध्ये लिही, वर कळू दे की एक नर्स पुरत नाही.

बारावी सायन्स झालं. हे काम करायला काय शिकावं लागतं? (एक मुलगी, शिरपूर)

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग मानसिक आरोग्य नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो, बीएस्सीनंतर याच विषयात दोन वर्षांचं एमएस्सी पण करता येतं. कॉलेज निवडताना तिथल्या मुलींना मनोरुग्ण वॉर्डची पोस्टिंग खरी मिळते का नुसती वहीत दाखवतात ते जुन्या विद्यार्थिनींना विचार. आणि टू-व्हीलर आत्ताच शिकून घे, बऱ्याच वस्त्यांवर एसटी जात नाही.