कमी बोलणाऱ्या माणसाला कामाच्या ठिकाणी कमी का लेखतात?

तुमचा प्रश्न असा आहे : नोकरीला लागून पाच महिने झाले, तुम्ही स्वभावानं कमी बोलता, म्हणून ऑफिसातल्यांनी ‘याला काही समजत नाही’ असं ठरवून टाकलं. तुमच्यासोबतच लागलेला बोलका मुलगा मात्र हुशार ठरला. असं का होतं, आणि एकदा बसलेला शिक्का पुसतो का?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, एकोणीस वर्षांपासून सुपरवायझर आहे. असा शिक्का मी स्वतः एका पोरावर मारलेला आहे, म्हणून लिहायला बसलो.

गोष्ट २०२३-२४ च्या हंगामातली. आमच्याकडे वजनकाट्यावर दोन पाळ्या चालतात. सकाळच्या पाळीचा मुलगा बोलका. गाडी काट्यावर चढली की ‘या भाऊ, झालं भाऊ’ म्हणेपर्यंत पावती शेतकऱ्याच्या हातात. दुपारी तीननंतरच्या पाळीला एक नवा पोरगा घेतला होता. शेजारच्याच गावचा, बारावी झालेला. काही विचारलं की मान हलवायचा, फार तर ‘हो’. आणि त्याच्या पाळीत गाड्यांची रांग पार डांबरी सडकेपर्यंत जायची. माझ्या केबिनची खिडकी गेटकडे आहे, त्यामुळं ती रांग मला रोज दिसायची. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका पावतीवर दोन आकडे उलटसुलट लिहिले होते. चूक त्यानंच पकडली, त्यानंच दुरुस्त केली. पण माझ्या डोक्यात ‘हा चुकणारा’ एवढंच राहिलं. बोलक्याच्याही चुका व्हायच्या, त्या मी ‘गर्दीत होतं असं’ म्हणून सोडून द्यायचो.

जानेवारीत मी मालकांना सांगून त्याला काट्यावरून काढलं आणि सरकीच्या गोदामात पोती मोजायला बसवलं. आठवड्याभरात संध्याकाळची रांग संपली. मी मालकांना बोलावून रिकामं गेट दाखवलं. पाहा, म्हटलं, माणूस बदलला की काम कसं मोकळं होतं.

रांग का संपली ते मला महिनाअखेरीला कळलं. कापसाची आवक घटली होती. त्याच सुमारास चहाच्या टपरीवर एक ओळखीचे शेतकरी भेटले. दरवर्षी आमच्याकडेच माल आणणारे. ‘यंदा आला नाहीत?’ असं विचारलं तर म्हणाले, “तो पोरगा काट्यावर नाही ना आता. त्याच्या हातचा काटा बरोबर राह्यते, मनून तीन वाजेलोक थांबत होतो आमी. आता तिकडच्या जिनिंगले नेतो.”

म्हणजे मी ज्या रांगेला त्याच्या संथपणाचा पुरावा समजत होतो, त्या रांगेतले कितीतरी लोक दुपारपासून मुद्दाम त्याच्यासाठी थांबलेले होते.

काय करायचा तो? ट्रॉली काट्यावर चढली की आकडा हलायचा थांबेपर्यंत पेन उचलायचा नाही. ड्रायव्हरला खाली उतरवायचा. कापूस खाली करून ट्रॉली परत आली की रिकामी ट्रॉली पुन्हा मोजायचा, तेव्हाही ड्रायव्हर खाली. भरल्या वजनातून हे रिकामं वजन वजा केलं की कापसाचं वजन निघतं. सकाळच्या पाळीत ओळखीच्या गाडीचं मागच्या वेळचं रिकामं वजनच पावतीवर चढत होतं. त्यात लबाडी नव्हती, घाई होती. पण मागच्या खेपेला ट्रॉलीला चिखल असेल, ड्रायव्हर वर बसलेला असेल, तर रिकामं वजन जास्त भरतं आणि तेवढा कापूस शेतकऱ्याच्या हिशोबातून जातो. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता. वीस किलो गेले म्हणजे चौदाशे रुपये गेले. वेचणीची मजुरी कुठून द्यायची या फिकिरीत असलेल्या माणसासाठी चौदाशे म्हणजे काय, हे आपल्या भागात सांगावं लागत नाही.

हे सगळं काट्याजवळ उभं राहिलो असतो तर पंधरा मिनिटांत दिसलं असतं. मी खिडकीतून पाहत होतो.

असं का होतं, या तुमच्या प्रश्नावर नंतर मी बरंच वाचलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली दाखवलं की, लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य असे वेगवेगळे गुण तपासायला बसले, तरी एका गुणाबद्दलचं मत बाकी सगळ्यांवर सांडतं. आमच्या बोलक्या मुलाचं तेच झालं : बोलायला तरतरीत, म्हणून कामालाही चोख. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अॅश यांनी १९४६ मध्ये एका काल्पनिक माणसाचे तेच सहा गुण दोन गटांना सांगितले, एकाला ‘बुद्धिमान, मेहनती’पासून सुरू करून, दुसऱ्याला उलट क्रमानं, ‘हेवेखोर, हट्टी’पासून. शब्द तेच, पण पहिल्या गटाला माणूस चांगला वाटला. माझ्याकडं त्या पोराची यादी उलटसुलट आकड्यांच्या पावतीपासून सुरू झाली होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. आपल्याकडं माणूस तोंड उघडण्याआधी त्याचं आडनाव बोलतं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आले : दलित नावांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली, मुस्लीम नावांना त्याहूनही कमी. तो पोरगा दुसऱ्या आडनावाचा असता तर त्याच्या गप्प बसण्याला मी ‘शांत, विचारी’ म्हटलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर मला आवडलं नाही.

आता मी एक पद्धत बदलली आहे. ती बायकोकडून घेतली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पेपर तपासताना आधी सगळ्या मुलांचा पहिला प्रश्न तपासते, मग सगळ्यांचा दुसरा. एकाचा अख्खा पेपर एका बैठकीत तपासला की पहिल्या चांगल्या उत्तराचे मार्क शेवटच्या फालतू उत्तरालाही मिळतात, असं तिचं म्हणणं. मीही आता एका दिवशी सगळ्यांच्या पावत्या पाहतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वेळा. माणूस मनात न आणता.

तुमच्या बाजूचं सांगायचं तर, तुम्ही बोलके व्हा असं मी म्हणणार नाही. त्याला काट्यावर परत आणलं त्या दिवशी मी विचारलं, “एवढं करत होतास तर सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “मले वाटलं तुमाले दिसत असंन.”

तुम्हालाही तसंच वाटत असेल, पण साहेबांना दिसत नाही. त्यांच्या खिडकीतून फक्त रांग दिसते. म्हणून दिवसाअखेर साहेबांना दोन ओळी लिहून द्या : आज काय केलं आणि त्याला वेळ लागला तर का लागला. गप्पा मारायची गरज नाही. आणि तुमच्या कामाचा ज्याला खरोखर उपयोग होतो तो माणूस, मग तो ग्राहक असो की शेजारच्या टेबलावरचा, त्याच्याशी ओळख ठेवा. माझं मत साहेबांनी नाही बदललं, रांगेतल्या माणसानं बदललं. पाच महिने म्हणजे उशीर नाही. माझे डोळे उघडायला अख्खा हंगाम जात आला होता. आणि तोवर दुसऱ्या जिनिंगला गेलेले काही शेतकरी आजही परत आलेले नाहीत.

तो अजून काट्यावरच आहे. त्यानं स्वतःच्या हातानं एक पाटी लिहून काचेला चिकटवली आहे : ‘ड्रायव्हरने खाली उतरावे. रिकामी गाडी पुन्हा मोजली जाईल.’ बाहेरचा कोणी व्यापारी आला आणि ‘तुमचा काटा लय संथ आहे’ म्हणाला, की मी त्याला ती पाटी दाखवतो.