व्हिसाची मुदत तोंडावर आणि हातात नवी नोकरी

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मूळची पुण्याची. माझे यजमान ब्रिटिश नागरिक असून आम्ही लेस्टरला राहतो. माझ्या स्पाउस व्हिसाचा अर्ज आम्ही जानेवारी 2024मध्ये केला. व्हिसा 10 मार्चपासून लागू झाला, त्याच महिन्याच्या अखेरीस मी येथे आले आणि त्याची मुदत 10 डिसेंबर 2026 रोजी संपते. यजमान एका मालवाहतूक कंपनीत वर्षाला 25,200 पौंडांवर काम करतात. त्यांना आता 31,000 पौंडांची दुसरी नोकरी मिळाली आहे. जुनी नोकरी 30 जूनला सोडायची, दोन महिने नाशिकला सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी थांबायचे आणि 1 सप्टेंबरला नवीन ठिकाणी रुजू व्हायचे, असा त्यांचा विचार आहे. मी गेल्या सप्टेंबरपासून एका पाळणाघरात अर्धवेळ काम करते व मला महिना 950 पौंड मिळतात. मंडळाच्या कार्यक्रमात एका काकांनी सांगितले की, सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा एकाच कंपनीच्या नसतील तर व्हिसाचे एक्स्टेन्शन (मुदतवाढ) नाकारतात. एका ताईंचे म्हणणे पडले की, आता वर्षाला 29,000 पौंडांचे उत्पन्न लागत असल्यामुळे आम्ही तसेही बसत नाही. नोकरी बदलणे लांबणीवर टाकावे का? आणि 8 नोव्हेंबरच्या दिवाळीला मी पुण्याला जाऊ शकेन का?
— एक वाचक भगिनी, लेस्टर

उत्तर : काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे आणि ताईंचे म्हणणे आपल्याला लागू नाही. आधी ताईंचे पाहू, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. जोडीदाराच्या व्हिसासाठी लागणाऱ्या वार्षिक उत्पन्नाची किमान मर्यादा 18,600 पौंडांवरून 29,000 वर गेली ती 11 एप्रिल 2024 रोजी. ज्यांनी त्या तारखेपूर्वी जोडीदाराच्या पाच वर्षांच्या मार्गाने, म्हणजे पाच वर्षांनी कायम वास्तव्याकडे नेणाऱ्या व्हिसासाठी, पहिला अर्ज केला आहे आणि ज्यांचा जोडीदार तोच आहे, त्यांना एक्स्टेन्शनलाही जुनीच मर्यादा लागते. आपला अर्ज जानेवारीतला आहे, तेव्हा आपल्याला गाठायचे आहेत ते 18,600 पौंड. ही रक्कम कर आणि इतर कपाती होण्यापूर्वीच्या पगाराची आहे, हातात येणाऱ्या पैशांची नव्हे.

आता काकांचे. पगारदार माणसाचे उत्पन्न दाखवण्याच्या दोन वाटा आहेत. एकाच मालकाकडे सहा महिने पूर्ण झाले असतील तर कॅटेगरी ए. त्यात सहा महिन्यांच्या सॅलरी स्लिपा पुरतात आणि त्या काळातला सर्वांत कमी पगार वर्षाच्या हिशेबाने मर्यादेच्या वर असावा लागतो. सहा महिने झाले नसतील तर कॅटेगरी बी. काकांना ही दुसरी वाट ठाऊक नसावी. ती ठाऊक नसल्यामुळे चांगली नोकरी हातची घालवलेले लोक माझ्या पाहण्यात आहेत. या वाटेत दोन गोष्टी एकाच वेळी सिद्ध कराव्या लागतात. अर्जाच्या दिवशी माणूस नोकरीत असून त्याचा चालू वार्षिक पगार मर्यादेइतका असला पाहिजे, आणि अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेल्या पगाराची बेरीजही मर्यादेइतकी भरली पाहिजे. मध्ये खंड पडला म्हणून अर्ज बाद होत नाही, कारण तेथे सलगपणा न पाहता बेरीज पाहतात.

आपल्या यजमानांची बेरीज करून पाहू. आपण नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज केला असे धरले, तर नोव्हेंबर 2025 ते जून 2026 या आठ महिन्यांचे दरमहा 2,100 प्रमाणे 16,800 पौंड होतात. जुलै आणि ऑगस्ट कोरे. सप्टेंबर व ऑक्टोबरचे नव्या पगाराचे सुमारे 5,166 पौंड. एकूण 21,966. चालू पगार 31,000 आहेच. दोन्ही कसोट्या पार पडतात, आणि वर तीन हजारांहून अधिक पौंडांची सवड राहते.

ही सवड मात्र रुजू होण्याच्या तारखेवर अवलंबून आहे. नव्या कंपनीने तारीख महिनाभर पुढे नेली तरी बेरीज 19,383 होते आणि काम भागते. तीच 1 नोव्हेंबरवर गेली, तर खात्यात उरतात फक्त जुने 16,800 आणि अर्ज 1,800 पौंडांनी कमी पडतो. अशा वेळी आपले पाळणाघराचे उत्पन्न कामाला येईल. भारतातून पहिला अर्ज करताना पत्नीचे तिकडचे उत्पन्न धरत नाहीत, परंतु एक्स्टेन्शनच्या वेळी, आपल्याला येथे काम करण्याची मुभा असल्यामुळे, दोघांचेही उत्पन्न धरता येते. तोवर आपले बारा महिन्यांचे 11,400 पौंड झालेले असतील. म्हणून आपल्याही सॅलरी स्लिपा आणि बँकेची स्टेटमेंटे आजपासून नीट लावून ठेवावीत. मात्र यजमानांच्या एकट्याच्या पगारावर अर्ज सहज बसत असेल तर त्यात आपले उत्पन्न उगाच घालू नये, असे माझे मत आहे. कागद वाढले की विसंगतीच्या जागाही वाढतात. एक गोष्ट विसरू नये : रुजू होण्यापूर्वी केवळ ऑफर लेटरच्या बळावर येथून अर्ज करता येत नाही.

मग यजमान जुन्या नोकरीत असतानाच, म्हणजे जूनमध्येच, अर्ज उरकून का टाकू नये, असा विचार आपल्या मनात येईल. तसे करणे महागात पडेल. पहिला व्हिसा 33 महिन्यांचा असतो आणि एक्स्टेन्शन 30 महिन्यांचे मिळते ते निर्णयाच्या तारखेपासून. कायम वास्तव्यासाठी येथे 60 महिने भरावे लागतात. मार्च 2024च्या अखेरीस आलेल्या व्यक्तीने जूनमध्ये अर्ज केला आणि निर्णय पटकन लागला, तर 27 अधिक 30 असे 57 महिनेच होतात आणि शेवटच्या तीन महिन्यांसाठी आणखी एक एक्स्टेन्शन घ्यावे लागते. त्या वेळी अर्जाचे शुल्क पुन्हा भरावे लागते आणि सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतला जाणारा आरोग्य अधिभारही. हा अधिभार फेब्रुवारी 2024पासून वर्षाला 1,035 पौंड आहे, म्हणजे अडीच वर्षांचे 2,587 पौंड 50 पेन्स. शिवाय राजीनामा खिशात ठेवून जुन्या नोकरीचे पत्र जोडायचे आणि निर्णयाची वाट पाहायची, हा प्रकार मला पटत नाही. होम ऑफिस, म्हणजे व्हिसाचे निर्णय घेणारे येथील गृहखाते, मालकाकडे चौकशी करू शकते.

खरी काळजी घ्यायची ती कागदांची. यजमानांनी जुन्या कार्यालयातून निघण्यापूर्वीच कंपनीच्या लेटरहेडवर सहीनिशी पत्र घ्यावे. त्यात हुद्दा, वार्षिक पगार, नोकरीचा काळ, तो पगार केव्हापासून मिळत होता आणि नोकरी कायम स्वरूपाची होती की मुदतीची, हे सगळे स्पष्ट लिहिलेले असावे. भारतात आपल्याला रिलीव्हिंग लेटरची सवय असते. येथे नोकरी सोडताना हाती पडतो तो पी-45. तो कराचा कागद आहे आणि वरच्या पत्राची जागा तो घेत नाही. निघून गेलेल्या माणसाच्या पत्रासाठी चार महिन्यांनी एचआरमधले कोणी धावपळ करील, ही अपेक्षा ठेवू नये. असेच पत्र नव्या मालकाकडून अर्जाच्या सुमारास घ्यावे. प्रोबेशन चालू असले तरी अडत नाही.

सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट एकमेकांना जुळले पाहिजे. स्लिपवर निव्वळ रक्कम 1,724 पौंड 60 पेन्स असेल, तर त्याच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या अंतराने खात्यात तेवढीच रक्कम दिसली पाहिजे. पगाराबरोबर प्रवासभत्ता जमा होत असेल तर आकडा वेगळा दिसतो. तसे असल्यास ती फोड स्लिपवर आहे ना, हे आताच पाहावे. बारा स्लिपा टेबलावर मांडून प्रत्येकीसमोर स्टेटमेंटातली ओळ पेन्सिलीने खुणावली, की काय निसटले आहे ते अर्ध्या तासात कळते.

नवी जागा पगारी नोकरीचीच आहे, याचीही खात्री करून घ्यावी. काही कंपन्या आकडा मोठा दाखवतात आणि माणसाला स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काम करायला सांगतात. तसे असेल तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो, कारण तेथे कंपनीच्या पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न पाहिले जाते आणि सप्टेंबरात काढलेल्या कंपनीचे वर्ष नोव्हेंबरात पूर्ण झालेले नसते. तशी अट असेल तर यजमानांनी एक्स्टेन्शन हातात पडेपर्यंत थांबावे.

दिवाळीला आपण अवश्य जावे, मात्र परत आल्यावरच अर्ज करावा. अर्ज भरून निर्णयापूर्वी ब्रिटनबाहेर गेल्यास तो मागे घेतला असे समजतात. ऑक्टोबरचा पगार शुक्रवारी, 30 तारखेला होत असेल, तर शेवटची स्लिप अर्जाच्या वेळी 28 दिवसांपेक्षा जुनी नसावी या नियमाने आपल्याला 27 नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. भाऊबीज आटोपून 15-16 तारखेला परतावे आणि 18 ते 20च्या दरम्यान शुल्क भरून अर्ज पाठवावा. ऑनलाइन अर्ज पाठवला तोच अर्जाचा दिवस. मुदतीपूर्वी अर्ज गेला असला की निर्णय डिसेंबरनंतर लागला तरी येथे राहण्याचा आणि काम करण्याचा आपला हक्क चालू राहतो. जाता जाता एवढेच, की या धांदलीत इंग्रजीची अट राहून जाते. पहिल्या वेळी आपण इंग्रजीची ए-1 या प्राथमिक पातळीची परीक्षा दिली असेल, तर आता तिच्या वरची ए-2 लागेल. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून झाले असल्यास एक्टिस या परदेशी पदव्या पडताळणाऱ्या संस्थेकडून तसा दाखला मागवता येतो, पण तो दिवाळीपूर्वीच मागवावा.

प्रश्न : माझी पत्नी ब्रिटिश नागरिक आहे. आमचा पहिला अर्ज जून 2024चा आहे. व्हिसा 12 ऑगस्ट 2024 ते 12 मे 2027 असा असून मी ऑगस्टमध्येच येथे आलो. तिचा पगार 27,000 पौंड आहे. पहिल्या वेळी कमी पडणारी रक्कम आम्ही बचतीतून दाखवली. ती बचत आता घराच्या डिपॉझिटमध्ये गेली. मी घरी राहून लहान मुलीला सांभाळतो. पत्नी 1 ऑक्टोबरपासून 32,000 पौंडांच्या नोकरीवर जाणार आहे. 30 महिने पूर्ण होताच, फेब्रुवारीत, अर्ज करावा असे वाटते.
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : आपल्याला 29,000ची मर्यादा लागते आणि बचतीचा आधारही आता राहिलेला नाही. बचतीत पहिले 16,000 पौंड हिशेबात धरतच नाहीत आणि त्यावर तुटीची अडीच पट लागते, म्हणजे पहिल्या वेळच्या 2,000 पौंडांच्या तुटीसाठी आपण 21,000 पौंड दाखवले असणार. तेव्हा आपल्या पत्नीने नोकरी बदलणे ही आपली गरजच आहे. नोकरी बदलण्यात चूक नाही, पण फेब्रुवारी हा महिना चुकीचा आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज केला तर मागच्या बारा महिन्यांत जुन्या पगाराचे आठ महिने येतात, त्यांचे 18,000 पौंड. नव्या पगाराचे चार महिने, त्यांचे सुमारे 10,667. बेरीज 28,667, म्हणजे केवळ 333 पौंडांनी अर्ज पडतो. तोच अर्ज एप्रिलमध्ये केला, तर 31 मार्चला नव्या मालकाकडे सहा महिने पूर्ण झालेले असतात आणि कॅटेगरी ए खाली सहा स्लिपा व एक पत्र एवढ्यावर काम होते. जुन्या मालकाचे पत्रही लागत नाही. शिवाय तोपर्यंत बारा महिन्यांची बेरीजही 29,500 झालेली असते, त्यामुळे दुसरी वाटही मोकळी राहते. म्हणून जुन्या कंपनीचे पत्र आणि स्लिपा तरीही जपून ठेवाव्यात.

33 महिन्यांच्या व्हिसात जे तीन महिने जास्तीचे दिलेले असतात, ते अशाच वेळी उपयोगी पडतात. 30 महिने भरले की लगेच अर्ज केला पाहिजे असे कोठेही म्हटलेले नाही. मार्चची स्लिप 31 तारखेची असेल तर 28 एप्रिलपर्यंत ती चालते. मालकाचे पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मागावे आणि दुसऱ्या आठवड्यात अर्ज पाठवावा. नव्या कंपनीने रुजू होण्याची तारीख 1 नोव्हेंबरवर नेली, तर सहा महिने 30 एप्रिलला भरतील आणि 12 मेपर्यंत आपल्या हाती जेमतेम बारा दिवस उरतील. तेव्हा ऑफर लेटरवर सही करतानाच पत्नीने ही तारीख पक्की करून घ्यावी.