रक्त संयोजी ऊती कशी? आणि हृदय कशात मोडतं?

ऊती म्हणजे एकसारखं काम करणाऱ्या पेशींचा समूह. शरीरात त्यांचे चार गट: अभिस्तर (आवरण आणि अस्तर घालणारी), संयोजी, स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची). तुमच्या दोन शंका आहेत: रक्त काहीच जोडत नाही, तरी ते संयोजी ऊती कसं? आणि हृदयाला स्नायू ऊती म्हणायचं का? पहिल्या शंकेत सगळा घोळ नावाचा आहे. ‘संयोजी’चा शब्दार्थ घटकाभर बाजूला ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर एवढंच पाहा, पेशींच्या मध्ये काय आहे?

अभिस्तर ऊतीत जवळजवळ काहीच नसतं. फरशा बसवाव्यात तशा पेशी एकमेकींना चिकटलेल्या, खाली पातळसं आधारपटल. या थरात सहसा रक्तवाहिन्या शिरत नाहीत. पोषण खालून झिरपत येतं. कागदाची कड लागून नुसतं सालटं निघालं तर रक्त येत नाही, जरा खोल गेलं की थेंब उमटतो. थेंब दिसला म्हणजे अभिस्तर संपलं, खालची संयोजी ऊती सुरू झाली.

संयोजी ऊतीत नेमकं उलटं. पेशी विरळ आणि मधलं आधारक, म्हणजे पेशींमधला तंतूंसकटचा भराव, भरपूर. (चरबी अपवाद, तिथे मेदानं फुगलेल्या पेशींचीच दाटी असते.) हाडात हे आधारक कॅल्शियमच्या क्षारांनी कडक झालेलं, कास्थीत (कूर्चेत, म्हणजे मऊ हाडात) घट्ट पण लवचीक, आणि रक्तात चक्क पातळ. रक्तातला साधारण 55 टक्के भाग हा पातळ द्रव, म्हणजे प्लाझ्माच असतो. मग तंतू कुठे गेले, असं कोणीतरी विचारतंच. फायब्रिनोजेन हे प्रथिन प्लाझ्मात विरघळलेलं असतं. जखम झाली की त्यापासून फायब्रिनचे धागे बनतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. जखमेवरची खपली म्हणजे बरीचशी हीच सुकलेली गुठळी. शिवाय कूळही एकच: हाड काय, रक्त काय, दोन्हींचा उगम भ्रूणाच्या मधल्या थरातून (मध्यस्तरातून), आणि मोठेपणी रक्तपेशी तयार होतात त्याही हाडांच्या मज्जेत. माझ्या मते हे नातं आधी सांगायला हवं, व्याख्या नंतर.

स्नायू आणि चेता ऊती ओळखायला फारशी अडचण येत नाही. एक आकुंचन पावते, दुसरी संदेश वाहते.

आता हृदय. ते ऊती नव्हे, इंद्रिय आहे. भिंतीचा मोठा भाग हृदयस्नायूचा, पेशी पट्टेदार आणि शाखा फुटलेल्या. पण आतलं गुळगुळीत अस्तर अभिस्तराचं, झडपांचा गाभा संयोजी ऊतीचा, आणि ठोक्यांचा वेग कमीजास्त करणाऱ्या चेताही तिथे पोचलेल्या. झाल्या चारही.

आजार इंद्रियाला सरसकट होत नाही, त्यातल्या एखाद्या ऊतीला होतो, हे झेवियर बिशा या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञानं मांडलं. 1801 च्या ग्रंथात त्यानं 21 ऊती मोजल्या होत्या, त्याही सूक्ष्मदर्शक न वापरता! आपण आज चारच गट करतो, पण हृदयाचा दाह झाला की डॉक्टर अजूनही आधी तेच पाहतात: आतल्या अस्तराचा, स्नायूचा, की बाहेरच्या आवरणाचा.