नाशिकच्या किल्ल्यांवर मराठी ब्लॉग काढायचाय, डिझाइनसाठी प्रेरणा आणि साहित्य कुठे शोधू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक जिल्ह्यातल्या किल्ल्यांवर मराठीत ब्लॉग सुरू करायचा आहे, डिझाइन शिकलेलं नाही, खर्च फारसा करायचा नाही आणि इंटरनेटवरचे नमुने पाहून डोकं चक्रावलंय. मी नाशिकमध्येच वेबसाइट डिझाइनचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिझाइनचे नमुने पाहायला बिहान्स, ड्रिबल, पिंटरेस्ट या संकेतस्थळांची नावं कुणीही सांगेल. जरूर पाहा, नजर तयार होते. पण ड्रिबलवरची बरीच पानं नुसती चित्रं असतात, त्यांची चालती वेबसाइट कधी झालेलीच नसते. दुसरं म्हणजे तिथलं बहुतेक काम रोमन अक्षरांवर बेतलेलं असतं. शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये, अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर, दोन ओळी एकमेकींना अगदी चिकटून. इंग्रजीला हे शोभतं, मराठीची मात्र वाट लागते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘हरिहरगड’ हा शब्दच राहत नाही, सुटी सुटी अक्षरं उरतात. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. इटॅलिक केलं तर ब्राउझर अक्षरं नुसती वाकडी करतो. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे: मराठी ब्लॉगचं डिझाइन अक्षरापासून सुरू करा. रंग, फोटो, मांडणी हे सगळं त्यानंतर.

गूगल फॉन्ट्सवर जाऊन लिपी देवनागरी निवडा. सगळे फॉन्ट फुकट आहेत आणि वेबसाइटवर वापरायला परवानगी आहे. लेखाच्या मजकुरासाठी ‘मुक्त’ घ्या. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तो केला आहे, बारीकपासून ठळकपर्यंत त्याच्या सात जाड्या मिळतात आणि मोबाइलवर तो स्वच्छ दिसतो. जुन्या छापील पुस्तकाचा भारदस्तपणा हवा असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ पाहा, तो खास मराठी वळणासाठीच काढलेला आहे. ‘यात्रा वन’ हा मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला फॉन्ट. भटकंतीच्या ब्लॉगच्या नावासाठी मला तो फार आवडतो, पण फक्त नावासाठी. त्यात अख्खा लेख लावू नका.

आता एक बारीक गोष्ट, जी फार जण पाहत नाहीत. मराठीतला ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात आणि पानाची भाषा कोणती सांगितली आहे त्यावरून ब्राउझर त्यातलं एक निवडतो. वर्डप्रेसमध्ये (ब्लॉग चालवायची प्रणाली) सेटिंग्जमध्ये जाऊन साइटची भाषा मराठी केली की हे आपोआप जुळतं. भाषा इंग्रजीच राहिली तर तुमचा ‘लळिंग’ किंवा ‘शिवनेरी’ हिंदी वळणाने उमटू शकतो. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

थीम, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीचा तयार साचा, निवडताना तिच्या डेमोतले सुंदर फोटो पाहून भुलू नका. वर्डप्रेसच्या स्वतःच्या फुकट थीम साध्या आणि हलक्या असतात, सुरुवातीला त्यातलीच एक पुरे. तिच्यात स्वतःची एक ओळ टाकून बघा: ‘त्र्यंबकच्या दऱ्याखोऱ्या, साल्हेरचा कातळकडा, उंची १५६७ मीटर, ॲपवरचा नकाशा’. ही ओळ मी मुद्दाम अशी घेतली आहे. ‘त्र्यं’ हे जोडाक्षर नीट जुळतं का, ‘दऱ्या’मधला र बरोबर येतो का, ‘ॲ’च्या जागी चौकोन तर दिसत नाही ना, आकडे बाकीच्या अक्षरांच्या उंचीला शोभतात का, हे एका नजरेत कळतं. मग तीच ओळ शीर्षकात टाका. वरच्या मात्रा कापल्या गेल्या तर त्या थीमने ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली आहे असं समजा. मजकुराला अक्षराचा आकार १८ पिक्सेल आणि ओळीची उंची त्याच्या १.७ पटीच्या आसपास ठेवून पाहा, बहुतेक फॉन्टना ते मानवतं.

प्रेरणेसाठी मात्र मी तुम्हाला स्क्रीनपासून जरा दूर पाठवणार आहे, कारण नाशिकमध्ये पाहण्यासारखं पुष्कळ आहे. कालिदास कलामंदिराबाहेर नाटकांचे फलक लागतात. नाटकाचं नाव कसं लिहिलंय, शिरोरेषा कुठे मोडलीय, कुठल्या अक्षराला ताण दिलाय हे थांबून बघा. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची जी शीर्षकं केली ती शोधून पाहा. नावाच्या अक्षरांतूनच विषयाचा स्वभाव कळावा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच ‘सावाना’, १८४० पासूनचं आहे. सावानात जुनी पुस्तकं काढून बसलात तर समास किती सोडलाय, परिच्छेद कसा सुरू केलाय, चित्राखालची ओळ किती लहान आहे, हे मोजपट्टी घेऊन पाहता येतं. मराठी वाचणाऱ्या डोळ्याला काय सोयीचं आहे याचा अभ्यास त्या छापखान्यांनी आपल्या आधी करून ठेवला आहे.

आणखी एक नमुना तुमच्या घरातच असेल. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये इंग्रजांच्या काळापासून टपाल तिकिटं छापली जात आहेत. जुन्या पाकिटावरचं एखादं तिकीट भिंगाखाली धरा. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक चित्र, ‘भारत’ देवनागरीत, ‘INDIA’ रोमनमध्ये, किंमत, विषयाचं नाव आणि साल, एवढं सगळं असतं आणि तरी गर्दी वाटत नाही. कारण एकच गोष्ट मोठी ठेवलेली असते, बाकीच्या कडेला गप्प बसतात. दोन लिप्या शेजारी ठेवल्यावर कोणती किती मोठी घ्यायची, हेही तिथे दिसतं. मोबाइलवर ब्लॉगचा माथा साधारण तशाच चणीचा असतो.

रंगांसाठी येवल्याची पैठणी बघा. मोठं अंग एका रंगाचं, काठ त्याच्या विरोधी रंगाचा, आणि मोर, मुनिया, कोयऱ्या वगैरे सगळी कलाकुसर मुख्यतः पदरावर. पानाची पार्श्वभूमी, लिंकचा रंग आणि सजावट यांचं प्रमाण असंच राहू द्या. रंग प्रत्यक्ष मात्र तुमच्याच फोटोंतून घ्या: भिजलेला काळा कातळ, पावसाळ्यानंतर वाळून पिवळं पडलेलं गवत, बुरुजावरचं शेवाळ. रंग ठरले की वेबएम या संकेतस्थळावरच्या कॉन्ट्रास्ट तपासणीत टाकून बघा. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ ला १ हवा, असा जागतिक संकेत आहे. फिकट राखाडी अक्षरं स्क्रीनवर घरात बरी दिसतात, पण उन्हात वाचताच येत नाहीत.

आणि तुमचा वाचक उन्हातच असणार आहे! हरिहरला निघालेला माणूस निरगुडपाड्यात गाडी लावून मोबाइलवर तुमचं पान उघडेल, रेंज जेमतेम असेल. त्याला पायथ्याचं गाव, चढायला लागणारा वेळ, पाणी कुठे आहे आणि खोदीव पायऱ्यांवर जपून कुठे जायचं, हे पहिल्या पडद्यावर हवं. किल्ल्याचा इतिहास तो घरी परतल्यावर वाचेल. म्हणून मोठ्ठा सरकता फोटो, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, उघडल्याबरोबर आडवी येणारी चौकट, हे काहीही नको. मोबाइलचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो स्कूश या फोटो हलका करायच्या साधनात टाकून १२०० पिक्सेल रुंद आणि वेबपी या हलक्या प्रकारात केला की बहुतेक वेळा दोन-तीनशे केबीत बसतो. स्कूश ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. दुसऱ्याचा फोटो हवाच असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा, पण प्रत्येक फोटोखाली परवान्याची अट लिहिलेली असते ती वाचा आणि छायाचित्रकाराचं नाव द्या.

एखादी वेबसाइट आवडली तर तिचा नुसता स्क्रीनशॉट साठवून ठेवू नका. फायरफॉक्समध्ये मजकुरावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडा. फॉन्ट कोणता, आकार किती, ओळीची उंची किती, सगळं तिथे लिहिलेलं असतं. ते वहीत उतरवा. मराठी बातम्यांची दोन संकेतस्थळं आणि एखादा जुना मराठी ब्लॉग असा शेजारी शेजारी तपासलात तर आठवडाभरात तुमचं तुम्हाला कळायला लागेल. शिवाय २००३ मध्ये सुरू झालेलं सीएसएस झेन गार्डन हे संकेतस्थळ पाहा (सीएसएस म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा). मजकूर अक्षरशः तोच ठेवून अनेकांनी त्याला दिलेली वेगवेगळी रूपं तिथे आहेत. सीएसएस शिकायचं असेल तर एमडीएन या मोझिलाच्या संकेतस्थळासारखं दुसरं ठिकाण नाही.

शेवटचं, जुनं लिखाण असेल तर. तुमचे लेख आधी डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेले असतील तर ते तसेच चिकटवू नका, वाचकाला अगम्य चिन्हं दिसतील. आधी सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडची तिकडे होतात. फॉन्ट आणि थीम ठरली की खाली प्रतिक्रियेत लिहा. एखादा शब्द स्क्रीनवर तुटत असेल तर तो कोणता तेही सांगा, कारण शोधून देते.